रत्नाताई आणि मोटर मंडळी

जळगावच्या पिंप्राळ्यात रत्नाताईंच्या 'मेघा ड्रायव्हिंग स्कूल'ला एकवीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांनी दीड-दोन हजार माणसं रस्त्यावर आणली. त्यांत नर्सबाया होत्या, किराणावाले होते, मास्तर होते, एक कीर्तनकार होता आणि सासरची निम्मी माणसं होती. शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी त्या एकच सांगत, "गाडीत बसलं की तोंड बंद. बोलणाऱ्याचा पाय चुकतो." हा नियम ज्याला कधी लागू करता आला नाही असा एक माणूस त्यांच्या घरातच होता. त्यांचे यजमान, प्रेमराज नाना.

नाना मूळचे धुळ्याकडच्या मुकटीचे. जळगावात एका शाळेच्या ऑफिसात लिपिक म्हणून लागले आणि तिथूनच दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कोणी भजनाला लागतं, कोणी शेताकडे बघतं. नाना मोबाइलला लागले. चहाच्या आधी एक, चहानंतर तीन, जेवताना दोन, असे ते गाड्यांचे व्हिडिओ बघत. कोणती गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, कोणती बॅटरी उन्हाळ्यात तापते, परदेशात कुठे पाच मिनिटांत चार्जिंग होतं, सगळं तोंडपाठ. घरात कोणी पाहुणा आला की अहिराणीत छातीठोक सांगत, "माले बठ्ठं माहीत शे."

फक्त गाडी चालवता येत नव्हती.

रत्नाताईंनी एकदा, फार वर्षांपूर्वी, त्यांना शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी नानांनी क्लच समजून ब्रेक दाबला, ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला आणि एका वकिलाच्या बंगल्याचं फाटक आडवं केलं. वकील धावत बाहेर आला. नानांनी खाली उतरून त्याला सांगितलं, "या मॉडेलची पेडलं जरा जवळ जवळच असतात." त्या दिवसापासून गाडी चालवणं हे ड्रायव्हरचं काम आणि आपण तंत्रज्ञानाचा माणूस, अशी त्यांनी स्वतःपुरती वाटणी करून टाकली.

रत्नाताईंना अशा माणसांचा वीट लहानपणापासून होता. त्या रावेरकडच्या केळीवाल्यांच्या घरातल्या. एकदा घडांनी भरलेला ट्रॅक्टर बागेतल्या चिखलात रुतला. सात-आठ बाप्ये बांधावर उभे राहून तो कसा काढावा यावर बोलत होते. चौदा वर्षांची रत्ना चढली, मागे घेतला, पुढे घेतला, पुन्हा मागे घेतला आणि काढून मोकळी झाली. बांधावरची चर्चा त्यानंतरही बराच वेळ चालू होती. पुढे आयुष्यभर, कुठेही चार पुरुष गाडीभोवती उभे राहून बोनेटकडे बोट दाखवताना दिसले की त्यांना तोच बांध आठवायचा आणि ओठ आपोआप वाकडा व्हायचा.

दर रविवारी सकाळी नशिराबादच्या अलीकडे हायवेवरच्या गिरधरच्या हॉटेलात 'खान्देश मोटर मंडळी' जमत. डाळ मिलवाल्यांची मुलं, एक-दोन सराफ, कारखान्यातले इंजिनिअर. आपापल्या गाड्या हॉटेलसमोर तिरप्या लावायच्या, त्यांच्याकडे तोंड करून बसायचं आणि दोन तास बोलायचं. नाना त्या मंडळींचे सर्वांत जुने आणि सर्वांत बोलके सभासद. रत्नाताई त्यांना स्कूलच्या गाडीतून सोडायच्या, कारण तेवढ्या सकाळी त्यांचा एखादा विद्यार्थी हायवेवर असायचाच. नाना मात्र हॉटेलपर्यंत येत नसत. अर्धा किलोमीटर अलीकडे, पेट्रोल पंपाजवळ उतरत. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," म्हणत. रत्नाताईंनी त्यावर विश्वास ठेवला होता.

एका रविवारी गाडी लताबाई चालवत होत्या. लताबाई सत्तेचाळीस वर्षांच्या, विद्यार्थ्यांची मेस चालवणाऱ्या. रोज भाजी आणायला रिक्षावाल्यांच्या विनवण्या करून थकल्या म्हणून शिकायला आलेल्या. स्टिअरिंग पक्कं, नजर पक्की. पण डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. क्लच दाबून दाबून अर्ध्या तासात पाय थरथरायचा. त्या दिवशी नानांना पंपावर सोडून त्या पुढे गेल्या, वळसा घेऊन परत आल्या आणि गुडघा फारच ठणकला म्हणून गाडी गिरधरच्या हॉटेलाशी बाजूला घेतली. दोघी मागच्या बाजूच्या बाकावर चहाला बसल्या. मध्ये शिडीला टांगलेल्या वेफर्सच्या माळा होत्या. पलीकडचं दिसत नव्हतं, ऐकू मात्र स्वच्छ येत होतं.

पलीकडे योगराज बोलत होता. डाळ मिलवाल्यांचा मुलगा, पस्तिशीचा. त्याने महिन्यापूर्वी मोठी इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि तेव्हापासून मंडळींत त्याच्याशिवाय विषय नव्हता.

"पेट्रोल संपलं हो. पाच वर्षांत पंप बंद," योगराज म्हणाला.

"पण उसाच्या ट्रॉलीमागे अडकलास तर तुझा टॉर्क काय कामाचा?" कोणी तरी विचारलं.

"टॉर्क तिथेच कामाचा! पाय ठेवला की गेली."

मग नानांचा आवाज आला. "टॉर्क सोडा. खरा प्रश्न केमिस्ट्रीचा आहे. आज जी बॅटरी आहे ती उद्या भंगार. म्हणून मी थांबलोय. सॉलिड स्टेट बॅटरी आल्याशिवाय मी काही घेणार नाही."

"मग नाना, सध्या येता कसे तुम्ही?"

"ड्रायव्हर सोडून जातो," नाना म्हणाले.

लताबाईंनी बशी खाली ठेवली आणि रत्नाताईंकडे बघायचं टाळलं. रत्नाताईंनी चहा संपवला. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना पंपापासून हॉटेलापर्यंत मान ताठ ठेवून चालत येणारा नवरा दिसला, आणि त्याची किळसच आली. त्या उठल्या, वेफर्सच्या माळा बाजूला सारून मंडळींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, गाडी किती वाजता आणू?"

नानांच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. बाकीचे बघत राहिले. योगराजने तेवढ्यात ओळखलं. त्याची बायको भूमिका रत्नाताईंकडेच शिकली होती.

"अरे, काकू तुम्ही! नाना, या तुमच्या…"

"आमच्या मिसेस," नाना म्हणाले आणि मोठ्याने हसले. "फार विनोदी आहेत."

मंडळीही हसली. कोण कशाला हसलं ते त्यांचं त्यांना माहीत. योगराजला मात्र आपलं आदरातिथ्य सुचलं. पुढच्या रविवारी धुळ्याला नानांच्या पुतण्याचा साखरपुडा होता आणि नव्या गाडीला लांबचा रस्ता दाखवायचा म्हणून तोच नानांना नेणार होता. "काकू, तुम्हीही चला. ही गाडी काय करते ते बघाच. खरं सांगतो, पुढे ड्रायव्हिंग स्कूलची गरजच उरणार नाही. गाडीच स्वतःला चालवेल."

"येते की," रत्नाताई म्हणाल्या. "बघू या कोण कोणाला चालवतं."

रविवारी सकाळी गाडी पिंप्राळ्यात दारासमोर आली. रत्नाताई मागे बसल्या, नाना पुढे. बांभोरीचा पूल ओलांडेपर्यंत नानांची योगराजला त्याच्याच गाडीची माहिती देऊन झाली होती. रत्नाताई योगराजचे हात बघत होत्या. एक हात स्टिअरिंगवर खाली, दोन बोटांनी धरलेला. दुसरा सतत पडद्यावर. आरशात त्याने पाळधीपासून एकदाही बघितलं नव्हतं. बाजूला लेन बदलताना तो इंडिकेटर देत होता, पण देऊन झाल्यावर. भूमिकेला आपण तीन आठवड्यांत जे शिकवलं त्यातलं पावही याच्या अंगात नाही, हे त्यांना एरंडोलपर्यंत कळून चुकलं. एवढी महागडी गाडी आणि आत असा माणूस. त्यांनी खिडकीबाहेर कापसाच्या शेतांकडे बघणं पसंत केलं.

एरंडोल मागे पडल्यावर योगराज म्हणाला, "आता बघा हं काकू." त्याने एक बटण दाबलं, हात स्टिअरिंगवरून काढले आणि दोन्ही तळवे वर करून दाखवले. गाडी नव्वदच्या वेगाने पट्ट्यांच्या मधोमध जात राहिली. नानांनी टाळी वाजवली.

"पुढे कॅमेरा, खाली रडार," नाना मागे वळून सांगू लागले. "माणसापेक्षा आधी दिसतं तिला. माणसाचा डोळा म्हणजे…"

"हात ठेवा स्टिअरिंगवर," रत्नाताई म्हणाल्या.

"काकू, विश्वास ठेवा हो."

पुढे रस्ता किंचित वळत होता. वळणावरून एक ट्रॅक्टर समोरून येत होता, त्यांच्याच बाजूने, उलटा. मागे कापसाने इतकी फुगलेली ट्रॉली की अर्धी लेन झाकलेली. दुभाजकातली पुढची फट दीड किलोमीटर लांब, एवढा फेरा कोण घालतो. खान्देशात सगळे ट्रॅक्टर असेच येतात, आणि गाडी शिकलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. गाडीत पींपीं वाजायला लागलं. पडद्यावर काही तरी लाल झालं. योगराजने रस्त्याऐवजी पडद्याकडे बघितलं, काय लिहिलंय ते वाचायला.

"ब्रेक!" रत्नाताई ओरडल्या. "पाय ब्रेकवर! दाब! स्टिअरिंग सरळ धर, वळवू नको!"

एकवीस वर्षं शेजारच्या सीटवरून दिलेली ती हाक होती. योगराजचा पाय तिचं ऐकून दाबला गेला. त्याच्या डोक्याला विचारायला वेळच नव्हता. रत्नाताईंचा उजवा पायही जिवाच्या आकांताने खाली गेला, पण स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढे असतो तसा जादा ब्रेक इथे मागे कुठून असणार? पोटरीत पेटका आला. गाडी कचकन थांबली. ट्रॅक्टरचं पुढचं चाक बोनेटपासून हातभर अंतरावर होतं. मागून एक ट्रक शिव्यांसारखा हॉर्न देत बाजूने निघून गेला.

आरशात रत्नाताईंना नाना दिसले. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी दारावरची मूठ धरलेली.

ट्रॅक्टरवाला खाली उतरायच्या भानगडीत पडला नाही. वरूनच म्हणाला, "भाऊ, गाडीमा झोपी गया व्हता का?" आणि बाजूने ट्रॉली काढत शांतपणे उलट्याच दिशेने पुढे गेला. काचेवर कापसाचे दोन बोंडभर पुंजके राहिले.

रत्नाताई दार उघडून पुढे आल्या.

"उतर. मागे बस."

ब्रेकची हाक येईपर्यंत त्या त्याला 'तुम्ही' म्हणत होत्या. तो निमूटपणे उतरला.

पुढचा पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता रत्नाताईंनी चालवला. पहिली दोन मिनिटं त्यांना डाव्या पायाचं काय करावं ते कळेना. मग त्यांनी तो बाजूला ठेवून दिला. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी आपणहून हळू होते, ब्रेकला पायही लावावा लागत नाही. पारोळ्याच्या गर्दीत गाडी बैलासारखी आवाज न करता, जिथे सांगावं तिथे थांबत होती. चढावर मागे सरकत नव्हती. या मंडळींची दोन वर्षांची बडबड ऐकून त्यांनी ठरवून टाकलं होतं की इलेक्ट्रिक गाडी म्हणजे बडबड्यांचं खेळणं. तसं नव्हतं. गाडी चांगली होती. तिच्याबद्दल जे बोलत होते ते तिच्या लायकीचे नव्हते, एवढंच. फागण्याच्या पुढे त्यांना एकदम लताबाईंचा गुडघा आठवला.

"काकू, मोड बदला, इको घ्या," मागून योगराज म्हणाला. त्याला बोलण्याइतका धीर आला होता.

"गप्प बस," रत्नाताई म्हणाल्या.

धुळ्यात देवपुरातल्या कार्यालयात पोहोचले तेव्हा जेवणं सुरू व्हायची होती. रत्नाताई बायकांत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने पुरुषांच्या बाजूला गलका वाढला. नाना मध्ये उभे होते आणि भोवती पुतणे, व्याही, मुकटीचे भाऊबंद.

"साठ मीटरवरून पकडलं रडारनं!" नाना सांगत होते. "आम्ही गप्पा मारतोय, कोणाचं लक्षही नाही. आणि गाडीनं स्वतः ब्रेक मारला! हातभर अंतरावर थांबली. माणूस असता तर आम्ही सगळे आज इथे नसतो."

"खरं का हो?" व्याह्यांनी योगराजला विचारलं.

योगराजने पायांकडे बघितलं. "हो… म्हणजे, सिस्टीम आहे तशी," तो म्हणाला.

रत्नाताईंच्या शेजारी थोरल्या जाऊ, भिकुबाई अक्का बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मंग तू कोठे बठेल व्हती?"

"मागे," रत्नाताई म्हणाल्या आणि ताटातली जिलबी उचलली. सांगायला काय, उठून जाऊन सगळं सांगता आलं असतं. पण कोणाला सांगायचं? त्या घोळक्यात एकही असा दिसेना ज्याला पटवून द्यावं असं त्यांना वाटलं. पोटरी अजून दुखत होती.

परत निघताना योगराजने किल्ली रत्नाताईंच्या हातात ठेवली. नानांनी ते बघितलं. पारोळ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत; एवढा वेळ गप्प बसायची त्यांची लग्नानंतरची पहिलीच वेळ असावी.

घरी आल्यावर रत्नाताईंनी विचारलं, "गाडीनं ब्रेक मारला, होय?"

"तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर…" नानांनी सुरुवात केली.

"तांत्रिकदृष्ट्या तुमचे डोळे मिटलेले होते. मी आरशात बघत होते. गाडी पींपीं ओरडली, ते खरं. तिने तिचं काम केलं. तुमच्यापैकी कोणी केलं?"

नाना चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "लोक विचारत होते. काही तरी सांगावं लागतं."

"का लागतं?"

रत्नाताईंना वाटलं होतं की आज आपल्याला भांडायला जोर येईल. पण समोरचा माणूस साठीचा, शर्टावर पाकाचा डाग पडलेला, आणि काही तरी सांगावं लागतं एवढंच ज्याला कळतं असा. त्यांनी त्याला शर्ट बदलायला सांगितलं आणि विषय सोडला. मात्र पुढच्या रविवारी त्यांनी पंपाजवळ गाडी थांबवली नाही. 'मेघा ड्रायव्हिंग स्कूल' असं लिहिलेली, लाल एलची पाटी लावलेली गाडी त्यांनी थेट हॉटेलसमोर, मंडळींच्या तिरप्या गाड्यांच्या रांगेत नेऊन उभी केली. नाना उतरले.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेसहाला, योगराज पिंप्राळ्यातल्या मोकळ्या प्लॉटांवर आला. तिथे रत्नाताई नवशिक्यांना घेत. तो थोडा वेळ लांबच उभा राहिला.

"काकू, मला शिकायचंय."

"लायसन्स आहे ना?"

"आहे. एजंटने आणून दिलं होतं. मी टेस्टच्या ट्रॅकवर गेलोच नव्हतो." मग म्हणाला, "त्या दिवशीचं कळल्यापासून भूमिका माझ्या गाडीत बसत नाही. पोरीला पण बसू देत नाही."

रत्नाताईंनी त्याला आपादमस्तक बघून घेतलं. कीव येण्याइतका तो अजून त्यांना आवडत नव्हता. पण आला होता, आणि खोटं बोलला नव्हता. मंडळींतल्या दुसऱ्या कोणी एवढंही केलं नसतं.

"शिकवीन," त्या म्हणाल्या. "फी नको. रोज तुझी गाडी इथे आणायची. अर्धा तास ती लताबाई चालवतील."

योगराजचा चेहरा पडला. "माझी गाडी? शिकाऊ बाईच्या हातात?"

"तुझ्यापेक्षा बरी चालवतात त्या."

आणि तसंच झालं. रोज सकाळी योगराज एलची पाटी लावलेल्या जुन्या पेट्रोल गाडीत बसून उड्डाणपुलाच्या चढावर हाफ क्लच शिकायचा. गाडी बंद पडायची, मागचे रिक्षावाले त्याचा उद्धार करायचे. त्यानंतर लताबाई त्याच्या गाडीत बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पायाखाली चाचपून विचारलं, "ताई, तिसरं पेडल कुठंय?" नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं का नव्हतं केलं मग असं?" त्या चालवत असताना योगराज प्लॉटच्या कोपऱ्यावर उभा राहून आपल्या बंपरकडे डोळे लावून असायचा. बंपरला काही झालं नाही. महिन्याभराने आरटीओच्या ट्रॅकवर लताबाई त्याच गाडीतून पहिल्याच फेरीत पास झाल्या. योगराजला मात्र रत्नाताईंनी आणखी तीन आठवडे सोडलं नाही. आरसा बघायची सवय त्याला काही केल्या लागेना.

मंडळींना हे कळायचं ते कळलंच. काही दिवस थट्टा झाली. मग बातमी फिरली की बायकांना इलेक्ट्रिकवर शिकवायची ही कल्पना मुळात प्रेमराज नानांची. ती कोणी फिरवली हे रत्नाताईंनी विचारलं नाही.

फेब्रुवारीत त्यांनी स्कूलसाठी एक लहान इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं. लताबाईंसारख्या आणखी चौघी थांबल्या होत्या. शोरूमला नाना बरोबर आले. सेल्समन हात जोडून पुढे आला आणि सरळ नानांशीच बोलायला लागला. रेंज किती, बॅटरी कोणती, वॉरंटी किती. नानांचा चेहरा उजळला, तोंड उघडलं. मग त्यांनी बाजूला बघितलं.

"त्यांना सांगा," ते म्हणाले. "चालवणार त्या."

सेल्समनने गोंधळून रत्नाताईंना नमस्कार केला. रत्नाताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नाना आधीच वळले होते आणि दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला गाठून सॉलिड स्टेटचं समजावत होते. ते गिऱ्हाईक मान डोलावत होतं. रत्नाताई गाडीचं दार उघडून गुडघ्यावर बसल्या आणि शेजारच्या सीटपुढे जादा ब्रेक बसवायला किती जागा आहे ती वितीने मोजू लागल्या.